तीन ग्रामपंचायतींची एक नगरपंचायत: सत्ता कुठे ठरते आणि लहान गावाने काय सांभाळायचं

गोंदिया जिल्ह्यातल्या एका कास्तकार भावाने विचारलं आहे: "आमच्या तीन ग्रामपंचायती मिळून नगरपंचायत करायचा प्रस्ताव आहे. मोठ्या गावाची लोकसंख्या 8,900, दुसऱ्याची 3,000 आणि आमच्या गावाची 1,700. तिन्ही गावांत मिळून अनुसूचित जातींचे 2,400 लोक, त्यातले 340 आमच्या गावचे. सरपंच-सदस्यांचं काय होईल? नवीन नगरपंचायतीत सत्ता कोणाची येईल? आमच्यासारख्या लहान गावाचा आवाज राहील का?"

भाऊ, मी महसूल खात्यात होतो आणि त्यातली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली. प्रभागरचना, मतदारयादीची विभागणी, हरकतींची सुनावणी ही कामं मी हाताने केली आहेत. एका नवीन नगरपंचायतीत प्रशासकाच्या हाताखाली कामही केलं आहे. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. एकत्र केलेल्या नगरपंचायतीत कोणत्या गावाचं चालणार याचा मोठा भाग मतदानाच्या कितीतरी आधी, प्रभागाच्या रेषा ओढल्या जातात तेव्हाच ठरून गेलेला असतो. त्या वेळी हरकत अर्जांच्या ढिगात तुमच्या गावाचा कागद नसेल, तर पुढची पाच वर्षं तक्रार करत राहाल आणि ऐकणारं कोणी नसेल.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते, कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 17. मोठ्या गावात आज 17 सदस्य असतील, तुमच्या दोन्ही लहान गावांत 9-9. म्हणजे 35 सदस्य आणि थेट निवडून आलेले 3 सरपंच, एकूण 38 माणसं. नगरपंचायत झाली की 17 प्रभाग, 17 नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष, म्हणजे 18. तुमच्या 1,700 वस्तीच्या गावात आज 9 सदस्य आणि 1 सरपंच असे दहा जण आहेत. उद्या, सगळं नीट जमलं तर, दोन. आज नळ बंद पडला की कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहता येतं, कारण जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात एक सदस्य राहतो. हे गावकऱ्यांना आधीच सांगितलं पाहिजे. नाहीतर नगरपंचायत म्हणजे आपोआप नाल्या, रस्ते आणि पथदिवे अशा समजुतीत लोक राहतात आणि पहिल्या पावसाळ्यात हिरमुसतात.

सरपंच-सदस्यांचं विचारलंत. अंतिम अधिसूचना निघाली की त्या क्षेत्रापुरती ग्रामपंचायत संपते आणि त्यांची पदंही संपतात. मुदत किती उरली होती हा प्रश्न येत नाही. कारभार प्रशासकाकडे जातो, बहुतेक वेळा तालुक्याच्या तहसीलदारांकडे. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, जिल्हा परिषदेकडे परत जातात आणि त्यांच्या जागी मुख्याधिकारी येतात. नळ सोडणारा, झाडलोट करणारा, कर वसूल करणारा अशा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं समावेशन मंजूर आकृतिबंध (म्हणजे कोणती किती पदं मंजूर आहेत ते) आणि पात्रता पाहून होतं. तिथे गरीब माणूस अडकतो. वीस वर्षं नळ सोडणाऱ्याकडे नेमणुकीचा कागदच नसतो. तुमच्या गावातल्या अशा माणसाचा नेमणुकीचा ठराव, पगाराची नोंद आणि भविष्य निर्वाह निधीचा कागद आत्ताच, सरपंच पदावर असतानाच, शोधून ठेवा.

आता कायदा थोडा. 74 व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण भागातून शहरी होत चाललेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत हा प्रकार आणला. महाराष्ट्रात तो 1965 च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाच्या कलम 341-क मध्ये आहे. लोकसंख्या साधारण दहा ते पंचवीस हजार आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं ठराविक प्रमाण, अशा अटी त्यात आहेत. तालुक्याच्या मुख्यालयांना वेगळी वाट मिळाली. 2014 मध्ये सरकारने तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायती नगरपंचायती करायचं ठरवलं, आणि म्हणूनच भामरागड, कोरची, मुलचेरा यांसारखी अगदी लहान मुख्यालयंही आज 17-17 प्रभागांची आहेत. तिथे एकेका प्रभागात इतके थोडे मतदार असतात की दोन-तीन कुटुंबं फिरली तर निकाल फिरतो.

तुमच्यासारखी गावं जोडली जातात ती बहुधा लोकसंख्येचा आकडा गाठायला, किंवा मोठ्या गावाची वस्ती पसरत शेजारच्या शिवारात गेली म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही-लोनवाही, नागपूरजवळ बेसा-पिपळा आणि बिडगाव-तरोडी-पांढुर्णा, ही जोडनावं तेच सांगतात. प्राथमिक उद्घोषणा निघते, हरकतींसाठी तीस दिवस मिळतात, हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही. तरी ठराव घ्याच, कारण प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर गावाची त्या वेळची भूमिका काय होती याचा तेवढाच पुरावा असतो.

कोर्टाचं नाव काढलं म्हणून तुमच्याच जिल्ह्यातलं आमगाव आठवावं लागेल. आमगावसोबत बनगाव, रिसामा, किडंगीपार, माल्ही, पदमपूर, बिरसी आणि कुंभारटोली ही गावं जोडून नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं लोकनियुक्त सभागृहाशिवाय, प्रशासकाच्या हाताखाली कारभार चालला. घरकुल नाही, हक्काचा प्रतिनिधी नाही, या रागातून लोकांनी आम्हाला मध्य प्रदेशात टाका अशी मागणी केली. कोण बरोबर, कोण चूक हा निवाडा मी करणार नाही. पण एकत्रीकरण अर्धवट राहिलं तर ना गाव राहतं ना शहर होतं, हे त्या आठ गावांनी भोगलं आहे. म्हणून विरोध करायचा असेल तर उद्घोषणेच्या तीस दिवसांत, ठोस कारणांसह करा. सोबत जायचं ठरवलं असेल तर पूर्ण तयारीने जा. काही काळ इकडे, काही काळ तिकडे, यात सगळ्यात जास्त नुकसान लहान गावाचंच होतं.

आता प्रभागरचना. इथे वेळ घालवतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

एकूण लोकसंख्या 13,600, प्रभाग 17. सरासरी बरोबर 800. दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे प्रभाग 720 ते 880 लोकांचा हवा. आता पाहा. तुमच्या 1,700 लोकांचे 850-850 चे दोन पूर्ण प्रभाग होतात, मर्यादेच्या आत. दुसऱ्या गावाच्या 3,000 लोकांचे 750 चे चार प्रभाग होतात, तेही आत. मोठ्या गावाचे 8,900 लोक अकरा प्रभागांत बसतात, सरासरी 809. अकरा, चार आणि दोन, बरोबर सतरा. म्हणजे कोणत्याही गावाची शीव न ओलांडता रचना होऊ शकते. तुमच्या हातातलं सगळ्यात मजबूत शस्त्र हे आहे.

हीच रचना वेगळ्या तऱ्हेने केली तर काय होतं? समजा तुमचं गाव 425-425 च्या चार तुकड्यांत कापलं आणि प्रत्येक तुकड्याला शेजारच्या मोठ्या वस्तीतले चारशे लोक जोडले. नियमात तेही बसवता येतं. पण मग चार प्रभागांत तुम्ही निम्मे-निम्मे, आणि चारही ठिकाणी उमेदवारी मोठ्या गावाच्या पुढाऱ्यांच्या बैठकीत ठरणार. दोन हक्काच्या जागांऐवजी चार अर्ध्या जागा, आणि अर्धी जागा निवडणुकीत शून्यच धरायची. अशी रचना प्रत्येक वेळी डावपेचानेच होते असंही नाही. प्रभागांची मांडणी उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व अशी सरकत दक्षिणेला संपवायची असते, जनगणनेचे प्रगणक गट (जनगणनेत एकेका मोजणीदाराला दिलेले घरांचे गट) शक्यतो फोडायचे नसतात, आणि हे काम करणारा कर्मचारी टेबलावर नकाशा ठेवून आकडे जुळवत असतो. त्याला गावाची शीव दिसत नाही, फक्त गटांचे क्रमांक दिसतात. त्याच्या नजरेला शीव आणून देणं हे तुमचं काम आहे.

एकदा एका नगरपंचायतीच्या प्रारूप रचनेत दोनशे घरांची एक टोली रस्त्याच्या मधोमध कापली गेली होती. रस्ता हीच हद्द, असं आम्ही धरलं होतं. हरकतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक निवृत्त गुरुजी आले. वहीच्या जोडपानावर हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक घराचा नमुना आठचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीचा, क्रमांक, आणि खाली फक्त एवढंच: रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं एकाच विहिरीची आणि एकाच अंगणवाडीची आहेत, प्रगणक गट फोडल्याशिवाय दोन्ही बाजू एका प्रभागात बसतात, हिशेब सोबत. सुनावणीत त्यांनी आवाज चढवला नाही, कोणावर आरोप केला नाही. ती हद्द बदलली. त्याच दिवशी दुसऱ्या गावाचे साठ-सत्तर लोक घोषणा देत आले होते आणि त्यांच्या अर्जात 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच वाक्य होतं. बदल नेमका कुठे हवा हे त्यात नव्हतं, त्यामुळे काहीच करता आलं नाही. मला अजून त्या लोकांचं वाईट वाटतं. म्हणणं त्यांचंही खरं होतं.

म्हणून तुमच्या हरकतीत आकडे असू द्या. 2011 च्या जनगणनेतले प्रगणक गट, त्यांची लोकसंख्या, तुम्ही सुचवता ते दोन प्रभाग, त्यांच्या चारही दिशांच्या हद्दी, आणि तुमचा बदल मान्य केल्यावर शेजारचे प्रभागही मर्यादेतच राहतात याचा हिशेब. हा शेवटचा भाग लोक विसरतात. स्वतःचा प्रभाग नीट करताना शेजारचा बिघडला, तर हरकत पहिल्याच वाचनात बाद होते.

आरक्षणही याच रेषांवर उभं असतं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून अनुसूचित जातींच्या जागा निघतात बरोबर 3, कारण 13,600 मध्ये 2,400 म्हणजे 17 मध्ये 3. पहिल्या निवडणुकीत या जागा, ज्या प्रभागांत या लोकसंख्येचं प्रमाण सर्वाधिक आहे त्यांना उतरत्या क्रमाने जातात. तुमच्या गावचे 340 लोक एकाच मोहल्ल्यात राहत असतील आणि तो मोहल्ला अखंड एका प्रभागात आला, तर तिथलं प्रमाण 40 टक्के होतं. दोन प्रभागांत वाटला तर वीस-वीस टक्के, आणि मग ती जागा मोठ्या गावाकडे जाण्याची शक्यता वाढते. मोहल्ला अखंड ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्या मोहल्ल्यातल्या लोकांसोबत बसून ठरवा, त्यांच्या पाठीमागे नको. काही गावांत आपली जागा राखीव होऊ नये म्हणून मोहल्ला तोडणारी रचना पुढे रेटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याची कटुता पुढे दहा वर्षं गेली नाही.

ओबीसींच्या जागा 27 टक्क्यांपर्यंत आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत. हा नियम किती कडक आहे हे विदर्भाने जवळून पाहिलं. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा तिहेरी चाचणीचा (ओबीसी आरक्षणाआधी आयोग, आकडेवारी आणि 50 टक्क्यांची मर्यादा, या तीन अटींचा) निकाल आला तो वाशीम जिल्हा परिषदेच्या प्रकरणातून, आणि त्यानंतर वाशीम, अकोला, नागपूर जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागा रद्द होऊन पोटनिवडणुका झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यातल्या शंभराहून अधिक नगरपंचायतींची निवडणूक सुरू असताना ओबीसी जागा मध्येच थांबल्या. बाकी जागांचं मतदान 21 डिसेंबर 2021 ला, त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचं मतदान 18 जानेवारी 2022 ला, आणि मोजणी दोन्हींची एकत्र 19 जानेवारीला. एका प्रभागात मतदान झालेलं, शेजारच्या प्रभागात उमेदवारच नवीन, असा तो महिना होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, आरक्षण अमुकच पडेल असं धरून एकाच माणसावर गावाची तयारी लावू नका.

17 पैकी 9 जागा महिलांच्या असतात. कोणत्या, ते सोडतीत ठरतं, लहान लेकराच्या हाताने चिठ्ठी काढून. तुमच्या दोन प्रभागांपैकी एक तरी महिलेसाठी राखीव असण्याची शक्यता भरपूर आहे. सोडत झाल्यावर कोणाची तरी पत्नी शोधायला धावण्यापेक्षा बचतगटात हिशेब सांभाळणारी, ग्रामसभेत उठून बोलणारी बाई आजच हेरा आणि तिला कागदपत्रांत बसवा. राखीव जागेवरून उभं राहायचं तर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. मोठ्या गावातल्या राजकारणात मुरलेल्या घरांकडे ते तयार असतं, लहान गावात नसतं. आजच्या आज ज्यांना शक्य आहे त्यांचे अर्ज करून टाका.

सत्ता कोणाची येईल हे विचारलंत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनल असतं, आणि पॅनलमध्ये नात्याचं, शेजाराचं, जातीचं, पाण्याच्या पाळीचं सगळं मिसळलेलं असतं. नगरपंचायतीत पक्षाचं चिन्ह आणि ए-बी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं सांगणारा पक्षाचा कागद) येतो. बदल फार खोल आहे. कालपर्यंत दोन भाऊ वेगवेगळ्या पक्षांचे असून एका पॅनलमधून लढत होते, ते आता जमत नाही. उमेदवारी देण्याचा अधिकार गावातून उठून तालुक्याला, आमदारांच्या बैठकीत जातो. निधीचंही तसंच. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा थेट मिळत होता, 15 व्या आयोगात तर 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीचाच होता. नगरपंचायतीला वित्त आयोगाचा शहरी वाटा मिळतो, पण मोठी कामं राज्याच्या नगरोत्थान योजनेतून आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून येतात, आणि ती मंजूर करून आणण्यात आमदार आणि पालकमंत्र्यांचं वजन लागतं. म्हणून नवीन नगरपंचायतीत पहिला कल राज्यातल्या सत्तेच्या बाजूला झुकतो. हे मी वारंवार पाहिलं आहे, आणि त्यात मतदारांचा दोष धरत नाही. त्यांना रस्ता हवा असतो.

पण हा कल पक्का नसतो. ज्या भागात स्थानिक संघटनेची मुळं खोल आहेत तिथे ती पक्षांना टक्कर देते. अहेरी-सिरोंचाकडे आदिवासी विद्यार्थी संघाने ते करून दाखवलं आहे. तुमच्याकडेही तीन गावांची मिळून एखादी आघाडी उभी राहू शकते. तिची ताकद कशात आहे ते समजून घ्या. 17 मध्ये बहुमताला 9 लागतात. मोठ्या गावाच्या 11 जागा दोन-तीन पक्षांत वाटल्या जाणार हे जवळजवळ नक्की, कारण तिथे पुढारी जास्त आहेत. सहा-सात जागांच्या वर कोणालाच जाता आलं नाही, तर तुमच्या दोन्ही लहान गावांच्या सहा जागा एकत्र राहिल्या की त्यांच्याशिवाय सभागृह चालत नाही. या सहा जणांनी आधीच बसून तीन-चार कामं ठरवावीत आणि निवडून आल्यावर कोणासोबतही गेले तरी ती कामं सोडू नयेत.

निवडून आल्यावर गटनोंदणी होते, गटनेता ठरतो, आणि त्याचा पक्षादेश मोडला तर 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांसमोर अपात्रतेचं प्रकरण चालतं. ग्रामपंचायतीत ऐन वेळी इकडून तिकडे जाण्याची सवय लागलेल्या सदस्यांना हे माहीत नसतं आणि पद घालवून बसतात. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य दोन असतात आणि त्यांना सभागृहात मतदानाचा अधिकार नाही. 'तुमच्या गावाला स्वीकृत देऊ' या आश्वासनावर एक जागा सोडायला सांगितलं, तर सोडू नका.

नगराध्यक्षपदाचा नियम वारंवार बदलला आहे. नगरपरिषदांत 2016 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती काढली, 2022 मध्ये पुन्हा आणली. 2022 च्या जानेवारीत निवडून आलेल्या नगरपंचायतींमध्ये नगरसेवकांनीच अडीच वर्षांसाठी अध्यक्ष निवडले, आणि 2024 मध्ये ती मुदत पाच वर्षांची केली गेली. डिसेंबर 2025 मध्ये 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींचं मतदान झालं तेव्हा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. आज जसा नियम आहे तसा राहिला तर तुमच्याकडेही थेट निवड होईल. लोकसंख्येत मोठ्या गावाचा वाटा 65 टक्क्यांहून अधिक आहे, त्यामुळे नगराध्यक्ष तुमच्या गावचा होणं अवघड आहे, हे मोकळेपणाने सांगतो. नगरसेवकांतून निवड असती तर दोन मतांना भाव आला असता. थेट निवडीत तुमचा जोर वेगळ्या जागी आहे. मोठ्या गावात तीन उमेदवार मतं वाटून घेत असतील, तर दोन लहान गावांची 4,700 ची वस्ती ज्याच्या मागे जाईल तो येईल. त्या वेळी लेखी बोलणी करा: पाण्याची टाकी कुठे, रस्ता कोणता आधी, कराचा दर किती वर्षं स्थिर.

आणि विसरू नका, त्या दिवसापासून तुमचा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदानाचा हक्क संपतो. तालुक्याच्या ज्या पुढाऱ्याचा जिल्हा परिषद गट तुमच्या गावांवर उभा आहे, तो या एकत्रीकरणाला विरोध का करतो हे त्यातून समजतं. त्याचं कारण त्याच्यापुरतं खरं असेल, पण ते तुमचं कारण नाही.

राजकारणाइतकंच मला मालमत्तेचं वाटतं. ग्रामपंचायतीचं सगळं नगरपंचायतीकडे जातं: आठवडी बाजाराचा लिलाव, गुजरीची जागा, ग्रामपंचायतीची बोडी (लहान तळं), कोंडवाडा, गावठाणातली मोकळी जागा. आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तलाव म्हणजे गावाचा जीव. माजी मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला) तलाव कोणाच्या ताब्यात, मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या संस्थेकडे किती वर्षांसाठी, निस्तार पत्रकात गावाला चराई, माती, सरपण यांचे कोणते हक्क लिहिलेले आहेत, याच्या प्रमाणित नकला आत्ताच काढा. मी जिथे काम केलं तिथे हस्तांतरणाच्या वेळी एका बोडीच्या ठेक्याची नोंदवहीच सापडली नाही, आणि दोन पिढ्या तिथे मासे धरणाऱ्या कुटुंबांना आपलाच हक्क सिद्ध करत फिरावं लागलं.

घरकुलाचंही तसंच. ग्रामीण आवास योजनेतलं 'ड' यादीतलं नाव नगरपंचायत झाल्यावर कामाचं राहत नाही. शहरी योजनेत अनुदान अडीच लाखांचं, ग्रामीणपेक्षा बरंच जास्त, पण जागेच्या मालकीचा कागद मागतात. आबादीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याकडे तोच नसतो. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद हातात घ्या, झाली नसेल तर अधिसूचनेआधी पाठपुरावा करा. केंद्राच्या योजनेतलं रोजगार हमीचं काम ग्रामीण क्षेत्रापुरतं असतं, ते थांबेल. भूमिहीन मजुरांच्या घरात याचा फटका पहिल्या उन्हाळ्यातच बसतो, म्हणून सभेत त्यांना आधी बोलू द्या.

गडचिरोलीकडून कोणी हे वाचत असेल तर एक वेगळी गोष्ट. घटनेच्या अनुच्छेद 243 यग प्रमाणे नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागाला) आपोआप लागू होत नाही, संसदेने कायदा करून तो लागू करावा लागतो, आणि 2001 चं त्याबद्दलचं विधेयक मंजूर झालं नाही. पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, मात्र ग्रामसभेला लागू आहे. पेसा गाव नगरपंचायतीत गेलं की तेंदू, बांबू, अबंध निधी (गावाने स्वतः ठरवून खर्च करायचा पैसा) यांवरचा ग्रामसभेचा हात सुटतो. तिथे माझा सल्ला एकत्रीकरणाच्या विरोधात आहे, आणि तो मी कोणापुढेही मांडेन. तुमचा गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

तुमच्याकडे मी एकत्रीकरणाच्या विरोधात नाही. मोठ्या गावाची वस्ती तुमच्या शिवारात आलीच आहे, सांडपाणी तुमच्याच नाल्यात येतं, आणि ग्रामपंचायतीच्या पैशात ते आवरणार नाही. पण ग्रामसभा जाईल, हे नुकसान मोठं आहे. वर्षातून चार वेळा उठून हिशेब विचारायचा हक्क नगरपंचायतीत नाही. तुमच्या दोन नगरसेवकांकडून निवडणुकीआधीच कबूल करून घ्या की गावाची बैठक दर तीन महिन्यांनी त्याच पारावर होईल, आणि तिथे ठरलेलं ते सभागृहात मांडतील. कायदा त्यांना भाग पाडणार नाही, गावच पाडू शकतं.

मतदारयादीकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवा. नगरपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेची यादी प्रभागांत विभागली जाते, आणि शिवेवरची घरं हमखास शेजारच्या प्रभागात टाकली जातात. 850 लोकांच्या प्रभागात सहाशेच्या आसपास मतदार असतात. वीस नावं इकडची तिकडे गेली तरी निकाल बदलतो. प्रारूप यादी लागली की घराघराने वाचा.

एक राहिलं. सुनावणीच्या गर्दीत एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं होतं, "सायेब, आमच्या गावाचा नाव तरी रायते का जी?" त्यांना मी तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं. महसुली नोंदीत गावाचं नाव राहतंच, सातबारावरून ते जात नाही. पण नगरपंचायतीच्या नावात यावं असं वाटत असेल तर ते मागावं लागतं, आणि मागायची वेळ हीच तीस दिवसांची. सिंदेवाही-लोनवाहीत दुसऱ्या गावाचं नाव पाटीवर आहे. तुमच्या हरकतीत हद्दीच्या मुद्द्याखाली नावाचाही एक परिच्छेद घाला, आणि पुढे प्रभागरचनेच्या वेळी प्रभागाच्या वर्णनात तुमच्या गावाचं नाव लिहिलं जावं अशी विनंती करा. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.